पंचवीस हजारांत पहिला कॅमेरा

वाचकाचे पत्र

“मी कोथरूडला राहते. दोन वर्षांपूर्वी बँकेतून निवृत्त झाले. फोटोग्राफी शिकण्याची इच्छा फार जुनी आहे आणि त्यासाठी पंचवीस हजार रुपये वेगळे ठेवले आहेत. बुधवार पेठेतील दुकानदाराने तीन कॅमेरे दाखवले. एक बारा हजारांचा, खिशात मावणारा, १६ मेगापिक्सेलचा. दुसरा वीस हजारांचा, चाळीसपट झूमचा. तिसरा बावीस हजारांचा वापरलेला कॅनन १५००डी, १८-५५ लेन्ससह. मुलगा म्हणतो, ‘आई, तुझ्या फोनमध्येच पन्नास मेगापिक्सेल आहेत, कशाला पैसे घालवतेस?’ मला वेताळ टेकडीवरचे पक्षी, पेठांमधले उरलेसुरले वाडे आणि नातीचे कथक टिपायचे आहे. तिचा कार्यक्रम डिसेंबरात आहे, म्हणजे हाताशी तीन महिने आहेत. मला चष्मा आहे आणि उजवे मनगट अधूनमधून दुखते. यांतले काय घ्यावे, की काहीच घेऊ नये?”

उत्तर

सप्रेम नमस्कार,

आधी उत्तर सांगतो आणि मग त्याची कारणे. तिन्हींपैकी वापरलेला १५००डी घ्यावा, मात्र पुढे लिहिले आहे त्याप्रमाणे नीट तपासून. आणि पक्ष्यांची हौस निदान वर्षभर लांबणीवर टाकावी. यातला दुसरा भाग आपल्याला रुचणार नाही याची मला कल्पना आहे, म्हणून त्याचा हिशेब थोडा सविस्तर मांडतो.

आपल्या चिरंजीवांचे म्हणणे मात्र उडवून लावण्यासारखे नाही. फोनमध्ये पन्नास मेगापिक्सेल लिहिलेले असले तरी बहुतेक फोन चार-चार बिंदू एकत्र करून प्रत्यक्षात साडेबारा मेगापिक्सेलचा फोटो देतात, आणि एवढेही पुष्कळ झाले. ए-फोर कागदावर उत्तम छपाई करायची तर नऊ मेगापिक्सेलसुद्धा लागत नाहीत. तेव्हा पन्नास विरुद्ध सोळा विरुद्ध चोवीस ही तुलना आपण मनातून काढून टाकावी. विचारायचा प्रश्न असा, की ज्या तुकड्यावर प्रकाश पडून चित्र उमटते तो तुकडा, म्हणजे सेन्सर, किती मोठा आहे. खिशातल्या छोट्या कॅमेऱ्याचा सेन्सर साधारण सव्वासहा मिलिमीटर रुंद आणि साडेचार मिलिमीटर उंच, म्हणजे हरभऱ्याच्या डाळीएवढा असतो. १५००डीचा सेन्सर २२.३ बाय १४.९ मिलिमीटरचा आहे, म्हणजे क्षेत्रफळाने जवळजवळ बारापट. बाहेर पाऊस तोच पडत असला तरी वाटीत आणि परातीत साठणारे पाणी सारखे नसते, तसेच हे आहे, आणि प्रकाश कमी झाला की हा फरक डोळ्यांना ताबडतोब दिसतो.

म्हणूनच बारा हजारांचा छोटा कॅमेरा मी पहिल्या फेरीतच बाद करतो. आजकालच्या पुष्कळ फोनचे मुख्य सेन्सर त्याच्यापेक्षा मोठे आहेत. शिवाय फोन एका क्षणात अनेक फोटो घेऊन ते एकमेकांत मिसळतो आणि रात्रीचा फोटोही उजळ करून देतो, ते या छोट्या कॅमेऱ्याला जमत नाही. शटरचा वेग (प्रकाश किती वेळ आत येऊ द्यायचा) किंवा भिंगाचे तोंड (ते किती उघडायचे) आपल्या मर्जीने ठरवण्याची सोय या किमतीत बहुधा नसते, त्यामुळे शिकण्याच्या दृष्टीनेही त्यात हाती काही लागत नाही. हल्ली महाविद्यालयीन मुलांना जुन्या छोट्या कॅमेऱ्यांची धूसर, चमकत्या फ्लॅशची छायाचित्रे आवडतात हे खरे, पण आपली गरज ती नाही. आपल्या फोनपेक्षा कमी काम करणाऱ्या वस्तूला बारा हजार देऊ नयेत.

चाळीसपट झूमच्या कॅमेऱ्याबद्दल मला जास्त विचार करावा लागला, कारण आपल्या तीन इच्छांपैकी एक तो खरोखर पूर्ण करू शकतो. सकाळी आठच्या सुमारास टेकडीवर चांगले ऊन असेल आणि समोरच्या फांदीवर भारद्वाज निवांत बसलेला असेल, तर हा कॅमेरा त्याला चौकटभर जवळ आणील. मात्र आतला सेन्सर तोच हरभऱ्याच्या डाळीएवढा आहे. ढग आले, पक्षी झाडाच्या सावलीत गेला किंवा तो उडाला, की फोटो रवाळ आणि अस्पष्ट होतो. या किमतीच्या बहुतेक झूम कॅमेऱ्यांना डोळा लावून पाहायची खिडकीही नसते. उन्हात मागच्या पडद्यावर स्वतःचाच चेहरा दिसत राहतो आणि इतक्या झूमवर पक्षी चौकटीत शोधण्यातच तो उडून जातो. नातीच्या कार्यक्रमात तर या कॅमेऱ्याचा काहीच उपयोग होणार नाही. आपण फक्त पक्ष्यांसाठी लिहिले असते तर मी हाच सुचवला असता.

आता १५००डी. हा कॅमेरा २०१८ साली बाजारात आला आणि तेव्हाही तो नवशिक्यांसाठीचाच होता, त्यामुळे त्याच्या उणिवा आधी ऐकून ठेवा. फोकससाठी त्यात फक्त नऊ बिंदू आहेत आणि त्यांतला मधलाच खऱ्या अर्थाने भरवशाचा आहे. सेकंदाला तीनच फोटो निघतात. मागचा पडदा वळत नाही आणि बोटाच्या स्पर्शालाही दाद देत नाही. मागच्या पडद्यावर पाहून फोटो काढायला गेलात तर फोकस इतका रेंगाळतो की फोनची सवय असलेल्या माणसाला कॅमेरा बिघडला आहे असे वाटावे. बाहेरचा माइक जोडायला जागा नाही, व्हिडिओ फुल एचडीपर्यंतच निघतो, आणि चालत्या माणसामागे फोकस धावत नाही. तेव्हा नातीच्या नृत्याचे चित्रीकरण खुशाल फोनवरच करावे. लेन्स लावून त्याचे वजन पाऊण किलोला थोडे कमी भरते, म्हणजे फोनच्या तिप्पट. आपल्या मनगटाचा विचार करता ही बाब मी दुर्लक्षित करत नाही. कॅमेऱ्याचा भार उजव्या हातावर घ्यायचा नसतो; डावा तळवा लेन्सच्या खाली पालथ्या पंजासारखा न धरता ओंजळीसारखा धरावा, कोपर बरगडीला टेकवावे आणि उजव्या हाताने फक्त बटणे चालवावीत. पट्टा गळ्यात न घालता खांद्यावरून तिरका घेतला तर टेकडीची चढणही जाणवत नाही. दुकानात दहा मिनिटे असा धरून पाहा, आणि मनगटाने तक्रार केली तर पुढचे सगळे वाचून सोडून द्या.

इतक्या उणिवा असूनही मी तो घ्या म्हणतो, याचे कारण या कॅमेऱ्यात प्रत्येक निर्णय आपल्या बोटाखाली येतो. वरच्या चाकावर टी आणि व्ही ही दोन अक्षरे जोडून लिहिलेली दिसतील. तिथे चाक आणले की शटरचा वेग आपण ठरवायचा आणि बाकीचे कॅमेऱ्याने पाहायचे. पहिल्या रविवारी स्वयंपाकघराच्या खिडकीतून भरपूर उजेड येत असताना सिंकचा नळ मध्यम सोडा आणि खाली बादली ठेवा, म्हणजे पाणी वाया जाणार नाही. आधी वेग एक हजारांश सेकंद ठेवून एक फोटो घ्या. पाण्याची धार तुटून काचेच्या मण्यांसारखे वेगवेगळे थेंब दिसतील, आणि फोटो कदाचित थोडा काळसर येईल. मग दुसरे, शटरच्या बटणाजवळचे चाक फिरवत पंधरांश सेकंदावर या, कोपर ओट्यावर टेकवा आणि तोच नळ पुन्हा टिपा. आता धार रेशमाच्या लडीसारखी सलग दिसेल. नळ तोच, पाणी तेच आणि उजेडही तोच होता. बदलला तो एक आकडा, आणि तो आपण बदलला. फोन हा निर्णय आपल्याला न विचारता घेऊन टाकतो, त्यामुळे फोनवर दहा वर्षे फोटो काढूनही ही गोष्ट कळेलच असे नाही. हा प्रयोग मी कथकसाठीच सांगतो आहे: नात चक्कर घेईल तेव्हा तिचा घेर आणि चेहरा दोन्ही स्पष्ट हवे असतील तर अडीचशेंश सेकंद किंवा त्याहून वेगवान शटर लागेल, आणि घेराची गती थोडी पुसट दिसावी असे वाटले तर साठांश पुरेल.

चष्म्याची काळजी करू नये. डोळा लावायच्या खिडकीच्या कडेला एक बारीक चाक असते. ते फिरवत गेले की आतले आकडे आपल्या नंबरानुसार स्वच्छ दिसू लागतात, आणि नंबर फार मोठा नसेल तर चष्मा काढूनही काम करता येते. हे चाक आपल्याला पुरते की नाही, तेही दुकानातच पाहून घ्यावे. बॅटरी एका चार्जमध्ये सुमारे पाचशे फोटो काढते, म्हणजे एखाद्या रविवारी कसबा पेठेत सकाळभर फिरूनही ती संपणार नाही.

वाड्यांबद्दल एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. पेठेतल्या अरुंद बोळात समोरच्या भिंतीला पाठ टेकवून उभे राहिलात, तरी लेन्सच्या १८ मिलिमीटरच्या, म्हणजे सर्वांत रुंद पाहणाऱ्या टोकावरही वाड्याचा पूर्ण दर्शनी भाग चौकटीत बसणार नाही, आणि फोनची जास्त रुंद पाहणारी दुसरी लेन्स तो सहज बसवील. तिथे संकोच न करता फोन काढावा. कॅमेऱ्याचे काम दिंडी दरवाजातून आत गेल्यावर सुरू होते, अर्थात वाड्यातील मंडळींना विचारूनच. चौकात वरून पांढरेफटक ऊन पडलेले असते आणि ओसरीवरचे सुरूचे खांब अंधारात असतात. अशा ठिकाणी कॅमेऱ्यात रॉ प्रकारची, म्हणजे सेन्सरने टिपलेली माहिती जशीच्या तशी ठेवणारी फाइल साठवली तर घरी संगणकावर अंधारातले कोरीवकाम, महिरपीची कमान, कडीकोयंड्यावरचा गंज हे सगळे पुन्हा वर काढता येते. शिवाय वाडा हलत नाही. लेन्सवर १८-५५ च्या पुढे ‘आयएस’ ही अक्षरे आहेत ना, हे मात्र जरूर पाहावे. ती असतील तर हाताची थरथर लेन्स बऱ्यापैकी सांभाळून घेते आणि संथ शटरवरही खांब स्पष्ट येतो. याच आकड्यांची, पण ही सोय नसलेली लेन्सही बाजारात फिरते, आणि वापरलेल्या कॅमेऱ्याबरोबर ती गळ्यात मारली जाण्याची शक्यता असते.

आता पक्ष्यांचा हिशेब. दयाळ पक्षी चोचीपासून शेपटीपर्यंत सुमारे वीस सेंटिमीटर असतो. तो आपल्यापासून दहा मीटरवर बसला आहे आणि आपण लेन्स ५५ वर, म्हणजे सर्वांत जवळ आणणाऱ्या टोकावर नेली आहे असे धरू. सेन्सरवर त्याची प्रतिमा जेमतेम एक मिलिमीटर उमटते, म्हणजे चौकटीच्या रुंदीचा विसावा भाग. फोटोत झाड दिसेल आणि त्यावर एक काळा-पांढरा ठिपका. हाच पक्षी चौकटीचा पाव भाग व्यापायला हवा असेल तर तीनशे मिलिमीटरपर्यंत जाणारी लेन्स लागते, आणि ती आपल्या पंचवीस हजारांत बसत नाही. दहा मीटरच्या आत दयाळ येऊ देईलही, पण सगळेच पक्षी येऊ देणार नाहीत. म्हणून पहिले वर्ष टेकडीवर दुर्बीण घेऊन जा, पक्षी कुठल्या फांदीवर किती वाजता येतो ते वहीत टिपून ठेवा. लेन्स येईल तेव्हा त्या वहीचा उपयोग होईल. कॅननची ही लेन्स बसवण्याची पद्धत १९८७ पासून चालत आलेली असल्याने वापरलेल्या लेन्स बाजारात मुबलक आहेत, आणि पुढेमागे आपण आरशाविनाचा नवा कॅनन कॅमेरा घेतलात तरी एक जोडणी लावून याच लेन्स त्याच्यावर चालतात. १५००डीसारख्या, आत आरसा असलेल्या कॅमेऱ्यांची निर्मिती आता ओसरत चालली आहे, तेव्हा आपण जुनी वस्तू घेत आहोत ही जाणीव असू द्यावी. पण त्या जुनेपणामुळेच ती आपल्या आवाक्यात आली आहे.

कदाचित दुकानदार ऐनवेळी १५००डीऐवजी निकॉन डी३५०० पुढे करील. तोही चांगला, वजनाने थोडा हलका आणि बॅटरीच्या बाबतीत कितीतरी सरस आहे. अडचण एकच: त्याच्या बॉडीत फोकसची मोटर नाही, त्यामुळे जुन्या स्वस्त निकॉन लेन्स त्यावर बसतात पण फोकस हाताने करावा लागतो. मोटर लेन्समध्येच आहे याची खात्री करून घेतली तर माझी हरकत नाही. कॅनन ३०००डी मात्र घेऊ नका. त्याचे लेन्स बसवायचे कडेच प्लॅस्टिकचे आहे, आणि लेन्स बदलत शिकायचे असेल तर तिथे धातू हवा.

वापरलेला कॅमेरा तपासताना घाई करू नये. दुकानात गर्दी नसेल अशा आडदिवशी दुपारी जावे, आणि घरून स्वतःचे मेमरी कार्ड व एक छोटी टॉर्च न्यावी. भिंगाचे तोंड आवळून, म्हणजे आकडा एफ-१६ वर नेऊन, पांढऱ्या भिंतीचा मुद्दाम अस्पष्ट फोटो घ्या. दर वेळी त्याच जागी काळे ठिपके दिसले तर सेन्सरवर धूळ आहे. ती साफ होते, पण त्याचे पैसे किमतीतून वजा व्हायला हवेत. शटर आतापर्यंत किती वेळा चालले तेही विचारावे. या वर्गातल्या कॅमेऱ्याकडून साधारण एक लाखाची अपेक्षा धरतात. कॅननच्या या कॅमेऱ्यात तो आकडा फोटोच्या फाइलमध्ये लिहिला जात नाही, त्यामुळे दुकानदाराचे तोंडी उत्तर प्रमाण न मानता कडेचे रबर, बटणांवरची अक्षरे आणि बॅटरीचे झाकण किती झिजले आहे हे आपल्या डोळ्यांनी पाहावे. बॅटरी बाहेर काढून सपाट काचेवर ठेवावी. ती डुलली तर फुगलेली आहे. खोक्यावरचा, बिलावरचा आणि कॅमेऱ्याच्या तळाचा क्रमांक एकच असला पाहिजे, आणि सात दिवसांत परत घेण्याची हमी बिलावर लिहून घेतली पाहिजे.

टॉर्च कशासाठी, ते सांगताना मला अजूनही वाईट वाटते. माझी पहिली चांगली लेन्स मी चामडी पेटीत बंद करून कपाटात ठेवली होती. त्या वर्षी पाऊस लांबला. मी जूनपासून गणपतीपर्यंत कपाट उघडले नाही. बाहेर काढली तेव्हा भिंगाच्या आत कोळ्याच्या जाळ्यासारखी बारीक पांढरी नक्षी पसरलेली होती. ती बुरशी होती. साफ करून घेतली, पण भिंगावरचा लेप खाल्ला गेला होता आणि उजेडासमोरच्या प्रत्येक फोटोत धुरकट पडदा येत राहिला. म्हणून लेन्सच्या एका बाजूने टॉर्च मारून दुसऱ्या बाजूने तिरके पाहावे, आणि धाग्यासारखे काही दिसले तर कितीही स्वस्त असली तरी ती लेन्स सोडून द्यावी. पुण्याच्या पावसाळ्यात कॅमेरा चामड्यात किंवा कापडी पिशवीत ठेवू नये. घट्ट झाकणाचा प्लॅस्टिकचा डबा, त्यात सिलिका जेलच्या चार-पाच पुड्या, आणि दर आठवड्याला एकदा बाहेर काढून दहा-वीस फोटो, एवढ्याने काम भागते.

उरलेल्या तीन हजारांत चांगल्या कंपनीचे ३२ जीबीचे कार्ड, हवेने धूळ उडवायचा रबरी फुगा आणि वर सांगितलेला डबा आणावा. ट्रायपॉड, फिल्टर आणि भारी बॅग यांपैकी काहीही आत्ता घेऊ नये. दुकानदार ‘कॉम्बो’ म्हणून देऊ करील, तरी नको म्हणावे.

राहिला डिसेंबरातला कार्यक्रम. सोबतची १८-५५ लेन्स पूर्ण ५५ वर नेली की तिचे तोंड एफ-५.६ पेक्षा जास्त उघडत नाही, आणि रंगमंचाच्या पिवळ्या उजेडात अडीचशेंश सेकंदाचे शटर ठेवायचे तर आयएसओ, म्हणजे प्रकाशाबाबतची कॅमेऱ्याची संवेदनशीलता, ६४०० पर्यंत चढवावा लागेल. फोटो येईल, पण रवाळ. ५० मिलिमीटरची एफ-१.८ लेन्स तिच्या नऊ-दहापट प्रकाश आत घेते, त्यामुळे तोच फोटो आयएसओ ८०० च्या आतबाहेर निघतो आणि चेहऱ्यावरचे भाव स्वच्छ राहतात. ती विकत घ्यायची घाई नको. पुण्यात लेन्स एक-दोन दिवसांच्या भाड्याने मिळते. अनामत रक्कम आणि ओळखपत्र लागते, एवढेच. रंगीत तालमीच्या दिवशीच ती आणावी आणि गुरूंची परवानगी घेऊन तालमीला बसावे. फ्लॅश बंद ठेवावा, कारण चक्कर घेताना डोळ्यांवर झोत पडला तर मुलीचा तोल जाऊ शकतो. मधला फोकस बिंदू निवडून तो तिच्या चेहऱ्यावर ठेवावा, शटरचे बटण अर्धे दाबून धरावे आणि सम येताच पूर्ण दाबावे. आपल्याला बोल पाठ असतील तर सम कधी येणार हे कॅमेऱ्याच्या आधी आपल्याला कळेल. आठ मीटरवरून कॅमेरा उभा धरला तर या लेन्समध्ये सुमारे साडेतीन मीटर उंची मावते, म्हणजे वर उचललेले हात आणि खालचे घुंगरू दोन्ही चौकटीत राहतात. हे अंतर बहुतेक सभागृहांत चौथ्या रांगेच्या आसपास येते. आयोजकांना आत्ताच सांगून त्या रांगेतली कडेची खुर्ची आपल्यासाठी ठेवून घ्यावी.